वैरातून प्रेमाकडे: दोन पुरुषांच्या प्रेमकथेला तालमीतले वैर मानवेल का?

लाल माती (धागाकर्ता)
एकमेकांना पाण्यात पाहणारे दोन पुरुष पुढे एकमेकांच्या प्रेमात पडतात, या प्रकारच्या कथा १९७० च्या दशकात जपानमधल्या चित्रकथाकार स्त्रियांनी रुजवल्या आणि थायलंडच्या मालिकांनी त्या आपल्या मोबाइलपर्यंत आणल्या. माझे मत असे की, या कथेला कोल्हापूरइतकी कसदार जमीन दुसरी मिळणार नाही. इथे वैर जन्मासोबतच येते, कारण शाहू स्टेडियमवर कोणत्या तालमीच्या फुटबॉल संघासाठी घसा फोडायचा, हे मुलाची पेठच ठरवते. कुस्तीत तर वैर आणि जवळीक एकाच वेळी घडतात. खासबागेच्या कुस्ती मैदानात सलामी झाल्यावर खडाखडी सुरू होते, तेव्हा कपाळाला कपाळ भिडलेले असते, पंजा समोरच्याच्या मानेवर असतो आणि त्याचा श्वास कधी फुलला हे प्रेक्षकांच्या आधी आपल्याला कळते. त्यात पहिलवानाने लंगोटाचा सच्चा असावे, म्हणजे ब्रह्मचर्य पाळावे, हा वस्तादांचा दंडक असल्यामुळे प्रेमाला मनाई बाहेरून आणावी लागत नाही.

जुना पेठकर
तालीम हे बलोपासनेचे ठिकाण आहे. असले विषय तिथे आणू नयेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

पंचगंगेपल्याड
पेठकरांच्या आक्षेपाशी मी सहमत नाही. ज्या शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, त्यांनीच संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याने मान्यता दिली होती आणि तेव्हाही ‘असले विषय नकोत’ म्हणणारे काही कमी नसणार. माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. ज्या मुलाने शाळेच्या मैदानावर ‘बायल्या’ हे विशेषण वर्षानुवर्षे ऐकले, त्याला हिणवणाराच पुढे त्याचा प्रियकर झाला असे वाचायला देणे मला क्रूर वाटते, कारण त्यातून छळ हे मनातल्या प्रेमाचेच लक्षण ठरते. हाच प्रकार एखाद्या मुलीच्या बाबतीत घडला तर आपण त्याला सरळ छेडछाड म्हणतो. शिवाय ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीने होणाऱ्या संबंधांना, समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून वगळल्यानंतरही चोरट्या प्रेमातच गोडी का शोधावी?

लाल माती
छळाला मी वैर म्हणतच नाही. मैदानात जोड ठरवताना वजन आणि तयारी पाहतात. विजोड कुस्ती लावली तर जाणकार प्रेक्षकच हरकत घेतो. तीच अट कथेलाही लागू करावी. दोघांच्याही पाठीशी आपापली तालीम असावी आणि दोघांनाही गमावण्यासारखे सारखेच असावे. दुबळ्याला गाठून हिणवणारा नायक मला नको आहे. कायद्याविषयी म्हणाल तर, १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. पोलिसांची भीती गेली असली तरी या दोन मल्लांना खोली भाड्याने घेताना मित्र म्हणूनच नावे सांगावी लागतील, आणि गावाकडे आईने मुलगी पाहून ठेवली असेल ते वेगळेच. ही मनाई लेखकाने गोडीसाठी रचलेली नाही.

पंचगंगेपल्याड
जोडीची अट मला मान्य आहे, किंबहुना या प्रकारातल्या निम्म्या कथा त्या अटीवर बाद व्हाव्यात. पण एक खोट राहतेच. या जपानी कथांच्या जुन्या साच्यात एक पुरुष चढाई करणारा आणि दुसरा ती सोसणारा, अशी वाटणी बहुधा आधीच झालेली असते; थोडक्यात, नवरा-बायकोचाच संसार दोन पुरुषांच्या अंगावर चढवलेला. तुमच्या निकाली कुस्तीतही एकाची पाठ मातीला लागणार, आणि जो चितपट झाला तोच पुढे हळवा, लाजरा आणि स्वयंपाक करणारा निघणार, अशी मला धास्ती आहे.

लाल माती
मग कुस्ती बरोबरीत सोडवली तर?

पंचगंगेपल्याड
बरोबरी ही पळवाट झाली, आणि खासबागेतला प्रेक्षक ती मुळीच खपवून घेत नाही. कुस्ती निकालीच होऊ द्या. मात्र आज पडलेल्याने पुढच्या मैदानात दुसऱ्याला ढाक डाव मारून आस्मान दाखवावे आणि त्या रात्री हरलेल्याच्या दुखऱ्या खांद्याला तेल चोळताना त्याने जिंकल्याची फुशारकीही मारावी. असे लिहिणार असाल तर पहिला खर्डा मी वाचेन.