कसबा पेठेतला वाडा: सिमेंट गिलाव्याच्या वर ओल, चुन्याचं प्रमाण काय धरायचं?

सुरुदार_खांब: आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पुढे वास्तुइतिहासच करायचाय. एका दुमजली, एकचौकी वाड्याची मोजणी चालू आहे. खाली दगडी जोतं आणि वीट, वर पांढरी माती, लाकडी सांगाडा. माजघराच्या भिंतीला कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा आहे. त्याच्या वरच्या अंगाला ओल, पांढरे क्षार, विटांचा भुगा. मालक म्हणतात, पावसाळ्याआधी सिमेंट अजून वर चढवू. त्यांना काय सांगू?

तळखडा: सांग की ओल आणखी वर चढेल. जमिनीतलं पाणी विटेतून वर येतं आणि एरवी चुन्याच्या गिलाव्यातून उडून जातं. सिमेंटमधून ते सहज उडत नाही, म्हणून गिलावा संपतो तिथवर चढतं. तिथे क्षारांचे स्फटिक होतात आणि वीट फोडतात.

पण आधी पाणी कुठून येतंय ते शोध. पन्हळ फुटलीय का? चौकात फरशी बसवताना उतार भिंतीकडे गेलाय का? रस्ता थरावर थर चढून जोत्याच्या वर आलाय का? हे तसंच ठेवून चुना लावलास तर तोही झडेल. सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढ, ब्रेकर नको. क्षार कोरड्या ब्रशने झाडायचे. धुतले की परत आत जातात.

मोजणीत प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घे, वाड्याच्या खोल्या काटकोनात नसतात. एका भिंतीची मापं एकाच शून्यापासून सलग वाच, तुकडे जोडलेस की चूक साठत जाते. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक टोच्याने तपास. बाहेरून ठणठणीत दिसतं, कुजतं आत.

घाणीचा_चुना: जुन्या गिलाव्याचा सुटा तुकडा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाक (चष्मा, हातमोजे, उघडी जागा). चुना विरघळतो, उरलेला गाळ धुऊन, वाळवून चाळ, म्हणजे वाळूचा दाणा आणि सुरखी (विटेची भुकटी) कळेल. खडे चुनखडीचे असतील तर तेही विरघळतात, तेव्हा आकड्यावर डोळे मिटून विसंबू नकोस.

नमुन्यासाठी मापाने 1 भाग मुरलेला चुना, 1 सुरखी, 2 वाळू. सुरखी कमी भाजलेल्या विटेची हवी, जास्त भाजलेल्या खंगर विटेची चुन्याशी धरत नाही. कळीचा (न विरवलेला) चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उसळून डोळ्यात जातो. किमान 15 दिवस पाण्याखाली मुरू दे. न विरलेले खडे राहिले तर गिलाव्यात नंतर फुगतात आणि खपल्या उडतात. थर 10-12 मिमी, त्यावर दोन आठवडे ओलं गोणपाट. उन्हात भराभर वाळला की तडकलाच.

सुरुदार_खांब: चुन्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालायचा का?

घाणीचा_चुना: आधी काहीही न घालता हातभर चौरस नमुना कर. गूळ जास्त झाला तर चुना घट्टच होत नाही. हल्ली प्रत्येक कामात गूळ ओततात, परंपरेच्या नावाखाली!

तळखडा: एक राहिलं. कसबा पेठेजवळचा शनिवारवाडा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. त्याच्या संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, पुढचे 200 मीटर नियंत्रित. दुरुस्तीलाही परवानगी लागते, त्यामुळे वाडा त्यात येतो का ते नकाशावर मोजून मगच गवंड्याला बोलाव.