मोतीबिंदूनंतर पडद्याला सूज : शस्त्रक्रियेमुळे की मधुमेहामुळे?

प्रश्न

माझ्या आईला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढून भिंग बसवल्यावर तिला सुरुवातीला स्वच्छ दिसत होते. मात्र महिना उलटल्यानंतर अक्षरे पुसट आणि दाराची चौकट वाकडी दिसू लागली. ओसीटी तपासणीत (प्रकाशाच्या साहाय्याने पडद्याच्या थरांचे चित्र काढतात) डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मध्यभागी सूज असल्याचे समजले. भिंगच चुकीचे बसले असावे, असे नातेवाइकांचे म्हणणे आहे. ते खरे असेल का, की मधुमेहामुळे ही सूज येणारच होती?

प्रतिसाद १ (नेत्रपटलतज्ज्ञ)

भिंगाचा नंबर चुकला असता, तर पहिल्या आठवड्यापासूनच अस्पष्ट दिसले असते. सरळ रेषा वाकड्या दिसणे हे पीतबिंदूच्या, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाच्या, सुजेचे लक्षण आहे, आणि अशी सूज निर्दोष शस्त्रक्रियेनंतरही येऊ शकते. शस्त्रक्रियेमुळे डोळ्याच्या पुढच्या भागात थोडा दाह होतो, त्यातून प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्ये तयार होऊन मागे पडद्यापर्यंत पोहोचतात आणि तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरू लागतात. या घडामोडीला वेळ लागतो, म्हणून तक्रार साधारण चौथ्या ते सहाव्या आठवड्यात सुरू होते. नेत्रतज्ज्ञ आयर्विन यांनी १९५३ मध्ये या विकाराचे वर्णन केले आणि गॅस यांनी १९६६ मध्ये रंगद्रव्य टोचून काढलेल्या छायाचित्रांत तो पाझर दाखवला.

मधुमेहात या रक्तवाहिन्या आधीच कमकुवत झालेल्या असतात. ब्रिटनमधील ८० हजारांहून अधिक डोळ्यांच्या नोंदींचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इतर कोणताही धोका नसलेल्या, मधुमेहमुक्त रुग्णांमध्ये ही सूज सुमारे १.२ टक्के, तर मधुमेहींमध्ये सुमारे ४ टक्के आढळली. पडद्यावर मधुमेहाची एकही खूण नसली तरी धोका वाढलेला होता.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर शस्त्रक्रियेपूर्वीच्या ओसीटीत आहे. तेव्हा पडदा कोरडा असेल, आता त्यावर रक्तवाहिन्यांचे सूक्ष्म फुगवटे किंवा पिवळसर साठे या मधुमेहाच्या खुणा नसतील आणि रंगद्रव्याचा पाझर पाकळ्यांच्या आकाराचा असून दृष्टिचेतेच्या (डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या) मुखाशीही दिसत असेल, तर सूज मुख्यतः शस्त्रक्रियेनंतरच्या दाहाची आहे. ती दाहशामक आणि स्टेरॉइडच्या थेंबांनी काही आठवड्यांत पुष्कळदा ओसरते. याउलट फुगवटे आणि साठे दिसत असतील, तर ती मधुमेहाची असून बहुधा डोळ्यात इंजेक्शने द्यावी लागतात. अनेक रुग्णांत दोन्ही कारणे एकत्र असतात. खेदाची बाब अशी की पूर्वीचा ओसीटी पुष्कळदा काढलेलाच नसतो, आणि मग वाद विनाकारण भिंगावर येऊन थांबतो.

प्रतिसाद २

मी स्वतः मधुमेही आहे. ताई, सर्वप्रथम आईंची साखर झटपट खाली आणा, सूज आपोआप उतरेल.

प्रतिसाद ३ (नेत्रपटलतज्ज्ञ)

हा सल्ला कृपया असाच अमलात आणू नये. साखर नियंत्रणात हवीच, परंतु दीर्घकाळ वाढलेली साखर एकदम उतरवल्यास पडद्याचा विकार काही काळ बळावू शकतो. त्यामुळे वेग आईंच्या फिजिशियननी ठरवावा. रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे अहवालही पाहावेत. त्यांच्या गोळ्यांत पायोग्लिटाझोन हे मधुमेहाचे औषध असल्यास तेही सांगावे, कारण ते शरीरात पाणी साठवते आणि पडद्याची सूज वाढवू शकते.

प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. जुन्या कागदांत शस्त्रक्रियेपूर्वीचा ओसीटी सापडला नाही. मोतीबिंदू फार पिकलेला असल्याने केवळ सोनोग्राफी केल्याची नोंद आहे. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया आता करावी का?

प्रतिसाद ४ (नेत्रपटलतज्ज्ञ)

पिकलेल्या मोतीबिंदूतून पडदा दिसत नाही, म्हणून सोनोग्राफी करणे योग्यच होते. मात्र तिच्यात पडदा जागेवर आहे की सुटला आहे एवढेच कळते, सूज कळत नाही. अशा डोळ्याचा पडदा शस्त्रक्रियेनंतर लगेचच तपासायला हवा. डावा मोतीबिंदू इतका पिकू देऊ नये, पण उजवी सूज ओसरेपर्यंत थांबणे श्रेयस्कर. तोपर्यंत बाहुली मोठी करून डावा पडदा तपासून घ्यावा आणि त्याचा ओसीटी काढून ठेवावा. सूज आढळली तर आधी तिच्यावर उपचार करावेत. पडदा कोरडा असेल, तर दाहशामक थेंब शस्त्रक्रियेच्या आधीपासून सुरू करून नंतर नेहमीपेक्षा अधिक काळ चालू ठेवण्याबद्दल तुमच्या शल्यचिकित्सकांना विचारावे. त्यानंतर महिन्या-सव्वा महिन्याने, दिसण्याची तक्रार नसली तरी, ओसीटी पुन्हा काढावा.