२१२ पानांच्या विज्ञानकथा-मंगावरून ॲनिमेशनपट : काय ठेवायचं, काय गाळायचं, चित्रं किती काढायची?

खाडीकाठ (ऐरोली)

मराठीतली एक विज्ञानकथा मंगा (जपानी चित्रकथा) शैलीत काढून पूर्ण झाली आहे. २१२ पानं, चार भाग, पानाला सरासरी पाच चौकटी, सगळं कृष्णधवल. काळ २०९० च्या आसपासचा : ठाण्याची खाडी भिंत घालून बंद केलेली, ऐरोली पुलाखाली पंपघरं, आणि फ्लेमिंगो यायचे थांबले म्हणून सोडलेले यांत्रिक फ्लेमिंगो. नायिका मुक्ता पंपघरात कामाला.

यावर २५ मिनिटांचा टू-डी ॲनिमेशनपट करायचा आहे. सहा जण, त्यातले तिघे चित्रं काढणारे, नोकरी सांभाळून संध्याकाळचे दोन तास, मुदत नऊ महिने. पहिले दोन भाग कागदावर जी-पेनने (शाईत बुडवायच्या टोकाने) काढून वर स्क्रीनटोन (करड्या छटेसाठी ठिपक्यांचे चिकटपट) चिकटवलेले आहेत, पुढचे दोन क्लिप स्टुडिओ या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये. प्रश्न असे :

चौकटी तशाच स्टोरीबोर्ड (शॉटवार चित्र-आराखडा) म्हणून चालतील का? चित्रं किती लागतील? जुनी पानं स्कॅन करून वापरता येतील का? आवाज आधी की नंतर? कथालेखक आणि चित्रकार वेगवेगळे आहेत, तर कागदोपत्री काय करावं लागेल?

शाईदौत (ठाणे, पाचपाखाडी)

आधी हिशोब, कारण त्यावर बाकी सगळं ठरतं. नऊ महिन्यांतले तीन पटकथा, स्टोरीबोर्ड, आवाज आणि शेवटच्या जोडकामात जातात. उरले साधारण २४ आठवडे. दोन तासांत एका माणसाकडून साफ केलेली आठ चित्रं निघाली तरी चांगला वेग म्हणायचा. तिघे, आठवड्याला पाच संध्याकाळी : १२० चित्रं. २४ आठवड्यांत २,८८०. ही तुमची तिजोरी.

२५ मिनिटं म्हणजे १,५०० सेकंद. सेकंदाला दोन चित्रंसुद्धा वाट्याला येत नाहीत. त्यामुळे २५ मिनिटं विसरा, १२ करा. ७२० सेकंदांची वाटणी अशी : दीड मिनिट खरी हालचाल, सेकंदाला २४ फ्रेम धरून दोन फ्रेमला एक चित्र, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं : १,०८०. साडेचार मिनिटं बोलणं-वळणं-बघणं, सेकंदाला सरासरी तीन : ८१०. उरलेली सहा मिनिटं स्थिर चित्र, सरकती पार्श्वभूमी, पाण्याची आवर्तनं (तीच मोजकी चित्रं पुन्हा पुन्हा), दोन सेकंदाला एक : १८०. बेरीज २,०७०. उरलेली ८१० चित्रं दुरुस्तीसाठी. ती लागतातच, त्यांना हात लावू नका.

आता कथा. २१२ पानांत हजारावर चौकटी आहेत. १२ मिनिटांत साडेचार सेकंदांचा एक असे १६० शॉट बसतात. म्हणजे सहा-सात चौकटींमागे एक शॉट. सगळं थोडं थोडं ठेवून हे जमत नाही, त्याने गोष्टीचा सारांश होतो. एक धागा निवडायचा आणि शेवटही त्याच धाग्याचा करायचा. ‘अकिरा’ या जपानी विज्ञानकथेची मंगा १९८२ ते १९९० चालली, सहा खंड, दोन हजारांवर पानं. चित्रपट १९८८ चा, दोन तासांचा, म्हणजे मंगा संपायच्या आधीच आला. दिग्दर्शक स्वतः मंगाकार ओतोमोच होता आणि त्यानेच मधला प्रचंड भाग सोडून दिला. ज्याच्या नावाने कथा, तो मंगात हाडामांसाचा मुलगा आहे. चित्रपटात काचेच्या बरण्यांत ठेवलेले त्याचे अवशेष तेवढे उरतात. मियाझाकीच्या ‘नाउसिका’चंही तेच : चित्रपट १९८४ चा, मंगा पूर्ण झाली १९९४ साली, आणि चित्रपट साधारण पहिल्या दोन खंडांपुरताच. दोघांनीही स्वतःच्या लाडक्या पानांवर काट मारली. तुमच्याकडे भिंतीचं राजकारण आहे, पंपघर आहे, पक्षी आहेत. माझ्या मते मुक्ता आणि एक पक्षी, एवढंच ठेवा. राजकारण पार्श्वभूमीतल्या फलकांवर आणि भोंग्यावरच्या घोषणांत येऊ द्या.

चौकटी स्टोरीबोर्ड म्हणून चालणार नाहीत. पानावर वेळ वाचकाच्या हातात असतो, पडद्यावर तो तुम्हाला द्यावा लागतो. शिवाय उभी चौकट, आडवी चौकट, तिरकी चौकट यांचा एकमेकींशी जो ताल पानावर दिसतो, तो १६:९ च्या एकाच आकारात मरतो. समजा एका पानावर या सहा चौकटी आहेत : पूल, मुक्ताचे डोळे, दाबमापकाचा काटा, पक्ष्याची वर झालेली मान, “हा खरा आहे!” असा संवादाचा फुगा, उड्डाण. पडद्यावर मी हे असं मांडेन :

१. काटा जवळून, थरथरतो. पंपाची घरघर. २ सेकंद, तीन चित्रांचं आवर्तन.
२. घरघर थांबते. ओहोटीचा चिखल, दूरवर एकच पक्षी. ५ सेकंद, फक्त पाण्याची चमक हलते.
३. पक्षी मान वर करतो, अंग झाडतो, पिसांवरचा चिखल उडतो. ३ सेकंद, तीन फ्रेमला एक : २४ चित्रं.
४. मुक्ताचा चेहरा. संवाद नाही. अडीच सेकंद, ४ चित्रं.
५. उड्डाण. ४ सेकंद, दोन फ्रेमला एक : ४८ चित्रं.

साडेसोळा सेकंद, ७९ चित्रं, वर पाण्याची तीन-चार. फुगा गेला, कारण अंग झाडणं यंत्र करत नाही आणि बघणाऱ्याला ते कळतं. पुलाची चौकटही गेली, ती आधीच्या शॉटमध्ये येऊन गेलेली असेल. उड्डाणात एक गोष्ट चुकवू नका : फ्लेमिंगो जागेवरून उडत नाही, आधी पाण्यावर काही पावलं धावतो, मग मान पुढे आणि पाय मागे ताठ होतात, पंखांचा काळा भाग तेव्हा दिसतो. धावण्याची ती पावलं गाळली की तो बगळा वाटतो.

या १६० शॉटचं ॲनिमॅटिक आधी बांधा : खरडचित्रं, कच्चा आवाज, नेमके सेकंद. ते बाहेरच्या चार जणांना दाखवून, कुठे कळलं नाही ते विचारून कुलूप लावा. त्यानंतरच पहिलं साफ चित्र. शॉट कापला तर ॲनिमॅटिकमध्ये पाच मिनिटांचंच काम वाया जातं, नंतर तोच कापला तर दोन आठवड्यांचं.

पारसिक_उतार (कळवा)

जुन्या पानांबद्दल. पात्रांच्या रेघा पानावरून उचलू नका, पार्श्वभूमी मात्र काही प्रमाणात उचलता येईल.

स्क्रीनटोन म्हणजे ठिपक्यांची जाळी. ६०० डीपीआयला ए-फोर पान स्कॅन केलं तर ४९६० × ७०१६ पिक्सेल मिळतात. ते १९२० रुंदीला लहान केलं की ठिपक्यांची जाळी आणि पिक्सेलची जाळी एकमेकींवर चढतात आणि लाटांसारखे पट्टे उमटतात. चित्र स्थिर असताना ते खपून जातील, कॅमेरा सरकला की वळवळतात. क्लिप स्टुडिओतल्या भागांत टोनचा थर बंद करून सपाट करडा रंग भरा. कागदी पानांतला टोन पुसत बसण्यापेक्षा लाइटबॉक्सवर ठेवून फक्त रेघा पुन्हा काढणं लवकर होतं. ठिपके हवेच असतील तर शेवटच्या जोडकामात सगळ्या चौकटीवर एकच स्थिर पोत टाका.

जी-पेनची जाड-बारीक रेघ पानावर सुंदर दिसते, पण मधली चित्रं काढताना दर चित्रात जाडी वेगळी पडते आणि रेघ उकळल्यासारखी दिसते. पात्रांसाठी एकसारखी बारीक रेघ ठरवा. डोक्याची उंची, डोळ्यांतलं अंतर, गणवेशावरच्या खिशांची संख्या हे मॉडेल शीटवर (पात्राच्या नमुना-चित्रांच्या पानावर) बांधून टाका. खिसे कमी करा. एक खिसा कमी केला की शेकडो चित्रांतून तो कमी होतो!

ओपनटून्झ हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला पुरेसं आहे. त्यात टून्झ रास्टर लेव्हलवर (रंग पॅलेटशी जोडलेले राहतात अशा चित्रसंचावर) रंगवा, म्हणजे पॅलेटमधला एक रंग बदलला की त्या लेव्हलच्या सगळ्या चित्रांत बदलतो. संध्याकाळ आणि रात्र यांच्या दोन वेगळ्या पॅलेट आधीच करून ठेवा. रेघेत केसाएवढी फट राहिली की रंग बाहेर सांडतो, त्यामुळे रंगवण्याआधी फटी बुजवण्याची पायरी टाळू नका.

उभ्या चौकटी खालून वर कॅमेरा नेऊन दाखवण्याचा मोह होतो. वेगाचा जुना नियम असा की पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत वस्तू सात सेकंदांपेक्षा लवकर गेली तर ती अडखळत जाते. १९२० पिक्सेल भागिले सात सेकंद, म्हणजे फ्रेमला सुमारे ११ पिक्सेल. तुमचं चित्र २७०० पिक्सेल उंच असेल तर पडद्याची १०८० उंची वजा जाता कॅमेरा १६२० पिक्सेल सरकणार : सहा सेकंद, शिवाय सुरुवातीला आणि शेवटी संथ होण्यासाठी एक. सात सेकंद नसतील तर सरळ कट करा. आणि सरकत्या पार्श्वभूमीवर चालणारं माणूस दर फ्रेमला नवीन चित्र देऊनच काढा. कॅमेरा दर फ्रेमला आणि पाय दोन फ्रेमला एकदा हलले की पाय जमिनीवर घसरतात.

जागा प्रत्यक्ष पाहून काढा. १९९५ च्या ‘घोस्ट इन द शेल’ या जपानी ॲनिमेशनपटासाठी हाँगकाँग समोर ठेवलं होतं, आणि त्यातली सुमारे तीन मिनिटं संवादाशिवाय नुसतं शहर दिसतं. तुमच्या सहा स्वस्त मिनिटांसाठी हाच रस्ता आहे : खारफुटीत उभे असलेले विजेचे मनोरे, वाशी स्टेशनवरचे टॉवर, पारसिकचा डोंगर. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची भिंग रुंद कोनाची असते. त्या फोटोवरून काढलेल्या पुलासमोर साध्या प्रमाणातलं माणूस बाहुलीसारखं दिसतं. दुप्पट झूम करून, मागे जाऊन फोटो काढा आणि क्षितिजरेषा प्रत्येक लेआउटवर आखा. खाडीचा चिखल ओहोटीलाच दिसतो आणि ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते, तेव्हा भरती-ओहोटीचं कोष्टक बघून निघा.

आवाजघर (कोपरखैरणे)

आवाज आधी. जपानी मालिकांत बहुधा चित्रं झाल्यावर आवाज देतात आणि तोंडाचे तीनच आकार असतात : मिटलेलं, अर्धं, उघडं. ‘अकिरा’त उलट केलं, आवाज आधी घेऊन ओठ त्यावर काढले. तुम्हीही आवाज आधी घ्या, पण त्याचं कारण वेगळं : फुग्यातलं वाक्य डोळे एका सेकंदात वाचतात, तेच बोलायला तीन लागतात, आणि तुमचे सेकंद मोजके आहेत. कच्च्या आवाजावरच ॲनिमॅटिक बांधा.

मराठीसाठी पाच आकार करा : मिटलेलं, अर्धं, आ, ए-ई, ओ-ऊ. प, ब, म ला ओठ किमान दोन फ्रेम मिटलेच पाहिजेत. बाकी कितीही ढोबळ असलं तरी चालतं, हे चुकलं की डबिंग वाटतं. तोंड आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी उघडू द्या.

मुक्ता खाडीकाठची असेल तर तिचं बोलणं पुस्तकी ठेवू नका. संवाद आगरी बोलणाऱ्या माणसाकडून बोलवून घ्या आणि मग कागदावर उतरवा, उलट नाही.

प्रोजेक्ट सगळ्यांच्या संगणकावर २४ फ्रेमलाच ठेवा. एकाने २५ वर उघडलं तर १२ मिनिटांच्या शेवटी आवाज आणि चित्रात जवळजवळ २९ सेकंदांचं अंतर पडतं. आणि पानावर “धडाम” ज्या जागी लिहिलं होतं ती जागा मोकळी पडते. तिथे रचना पुन्हा करायला हवी, आवाज टाकला म्हणजे भागलं असं नाही.

कलम१४ (ठाणे, नौपाडा)

शब्द लेखकाचे, चित्रं चित्रकाराची, त्यामुळे दोघांची सही हवी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क देणं लेखीच लागतं. कलम १९ मधल्या तीन गोष्टी नीट बघा : मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, आणि वेगळं ठरवलं नसेल तर वर्षभरात हक्क वापरला नाही की तो संपतो. तुमचं काम नऊ महिन्यांचं आहे आणि लांबलं तर वर्ष उलटेल, म्हणून हे शेवटचं कलम करारात नाव घेऊन बाजूला ठेवा. कथा किती बदलता येईल तेही लिहा. कलम ५७ मुळे हक्क दिल्यावरही, आपली प्रतिष्ठा जाईल अशा मोडतोडीला लेखक हरकत घेऊ शकतो.

खाडीकाठ (ऐरोली)

१२ मिनिटं आणि एकच धागा, ठरलं. एक अडतंय : शेवटची जोडपानं पूर्ण निःशब्द आहेत, रिकामी खाडी, दोन पानं भरून. ती पडद्यावर किती वेळ ठेवायची?

शाईदौत (ठाणे, पाचपाखाडी)

ॲनिमॅटिकमध्ये ८, १२ आणि १६ सेकंद अशा तीन प्रती करा. कॅमेरा हलवू नका. चार थर ठेवा : आकाश, डोंगर, मनोरे, पाणी, फक्त पाणी हलेल, तीन चित्रांचं आवर्तन, प्रत्येक चित्र सहा फ्रेम. पहिले चार सेकंद पंपाची घरघर, मग ती बंद. अंदाज १२ चा आहे, पण तिन्ही प्रती अंधारात, मोठ्या पडद्यावर बघून ठरवा. लॅपटॉपवर १२ सेकंद फार लांब वाटतात.