कर्ज लपवा, क्लिअरन्स मिळवा?

पोटोमॅककर: अमेरिकेत गोपनीय सरकारी कामाला लागणारी परवानगी, म्हणजे क्लिअरन्स, आणि तिचा फॉर्म एसएफ-८६. त्यावरचा इथला कालचा सल्ला वाचून गप्प बसवेना, म्हणून हा धागा. "क्रेडिट कार्डं थकली असतील तर एसएफ-८६ वर सरळ 'नाही' टाका, एवढं कोण बघतंय?" अहो, तेच तर बघतात! गेल्या ७ वर्षांत कुठलं देणं १२० दिवसांहून जास्त थकलं का, असा स्पष्ट प्रश्न आहे. तुम्ही 'नाही' टाकता आणि त्यांच्या हातात तुमचाच क्रेडिट रिपोर्ट, तुमच्याच सहीने मागवलेला. २०१७ पासूनच्या निकषांत कर्जाला, म्हणजे गाइडलाइन एफला, वाट ठेवलेली आहे. नोकरी गेली, आजारपण आलं, घटस्फोट झाला, पण नंतर तुम्ही हातपाय हलवले, हप्ते बांधून घेतले, तर विचार होतो. खोटं लिहिलंत की गाइडलाइन ई, म्हणजे वागणूक आणि खरेपणाचा निकष, लागते. मग पैसा बाजूला राहतो आणि तुमच्या शब्दाला किंमत उरत नाही. शिवाय तो फेडरल गुन्हा, ५ वर्षांपर्यंत कैद. तेव्हा सोडवायला सल्लागार येणार आहेत का?

तिरकस_तात्या: सल्लागार मीच. हे कीर्तन सीआयएत जाऊन करा. तिथल्याच आल्ड्रिच एम्स नावाच्या अधिकाऱ्याने सरकारी पगारात आर्लिंग्टनला ५,४०,००० डॉलरचं घर रोख घेतलं. १९८५ पासून रशियनांना माहिती विकत होता, दोनदा पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडायची चाचणी, पास झाला, पकडला कधी, तर १९९४ मध्ये. आणि आपल्या पोरांना दवाखान्याच्या बिलावरून उभं-आडवं घेतात.

पोटोमॅककर: एम्स तुमच्याच अंगलट येतोय. तो विकायला गेला कशापायी? घटस्फोट आणि डोक्यावर कर्ज. उगाच नाही विचारत.

तिरकस_तात्या: म्हणजे कर्जबाजारी तो गद्दार! अर्धी अमेरिका कर्जावर जगते, टाका सगळ्यांना आत.

रिचमंडची_सून: कुणी असं म्हटलंय का, तात्या? ह्यांचं इमर्जन्सीचं बिल विमावाले आणि हॉस्पिटल यांच्या भांडणात कलेक्शनला, म्हणजे वसुलीवाल्यांकडे, गेलं होतं. आम्ही फॉर्मवर लिहिलं, पत्रव्यवहार जोडला. मुलाखतीत त्यावर जेमतेम दोन प्रश्न झाले. खरा घाम फोडला तो सासऱ्यांच्या वाईच्या जमिनीने, कारण सातबाऱ्यावर ह्यांचंही नाव.

कोरेगाव_ते_कोलोरॅडो: थांबा थांबा. सातबाऱ्यावरचं नावही लिहायचं?? आजोबा गेल्यावर वारसनोंद झाली, सामाईक खातं, चुलते-आत्या-भावंडं धरून चौदा नावं. माझ्या वाट्याला म्हैस बांधण्याइतकीही जागा येत नाही!

रिचमंडची_सून: लिहायचं. परदेशात स्थावर कधीही होती का, पुढे मिळण्याची अपेक्षा आहे का, कशी मिळाली, किंमत काय, सगळं विचारतात.

तिरकस_तात्या: 'अपेक्षा' म्हणे! आमच्या भाऊबंदांना विचारा, माझी अपेक्षा कोर्टात पडून आहे.

कोरेगाव_ते_कोलोरॅडो: किंमत कुठली धरू? रेडी रेकनरची की बाजारभावाची? आणि चौदा जणांत कशी वाटू? तलाठ्याला अमेरिकेचा फॉर्म म्हटलं की चहापाणी दुप्पट.

पोटोमॅककर: धागा कर्जावर आहे हो! असो. अंदाजे आकडा टाका, 'अंदाजे' असं लिहा, खाली शेऱ्यात सामाईक असल्याचं सांगा. चूक आकड्याने कुणाचं क्लिअरन्स जात नाही, लपवल्याने जातं. आणि तात्यांचं ऐकून कुणी 'नाही' टाकून बसलं असेल, तर तपासनीस कागद पुढे ठेवायच्या आत आपणहून दुरुस्त करा. त्याची दखल घेतात.

तिरकस_तात्या: बरं बाबा, जिंकलात. 'नाही टाका' मागे. पण एम्स मागे घेत नाही. मोठ्यांना पॉलिग्राफही पावतो, लहानांना क्रेडिट रिपोर्ट नडतो.

रिचमंडची_सून: हे मात्र अगदीच खोटं नाही.

कोरेगाव_ते_कोलोरॅडो: एम्स राहू द्या हो. आत्याने हक्कसोड लिहून दिलंय, पण फेरफार अजून मंजूर नाही. तिचा हिस्सा धरू की नको?