हाउसहोल्डला ‘कुटुंब’ म्हणावं का? काउंटीच्या लोकसंख्येची माहिती मराठीत लिहिताना

मोगरा :
नमस्कार मंडळी. आमच्या मराठी शाळेतल्या मोठ्या मुलांसाठी आपल्या काउंटीची ओळख मराठीत लिहायला घेतली आहे. काउंटी म्हणजे कॅलिफोर्नियातली सांता क्लारा. सॅन होजे, सनीवेल, क्युपर्टिनो ही शहरं हिच्यातलीच. जर्दाळू आणि आलुबुखाराच्या बागा, त्या तोडून उभे राहिलेले संगणकाच्या चिपचे कारखाने, इथपर्यंत लिहून झालं. लोकसंख्येच्या परिच्छेदाशी मात्र अडले आहे.

जनगणनेच्या तक्त्यात ‘हाउसहोल्ड’ एका रकान्यात आणि ‘फॅमिली’ दुसऱ्या. शब्दकोश दोन्हींना कुटुंब म्हणतो. त्यामुळे ‘काउंटीत इतकी कुटुंबे असून त्यांपैकी तितकी कुटुंबे आहेत’ असं वाक्य तयार होतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांपुढे ते ठेवण्याची माझी तयारी नाही. शिवाय ‘मीडियन’, ‘रेस’, ‘एथ्निसिटी’ हेही आहेतच. काउंटीला जिल्हा म्हणावं का, हाही प्रश्न आहे. मदत कराल का?

हडपसरकर :
शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो. काउंटी हा शब्द तसाच ठेवा. जिल्हा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सरकारने नेमलेले कलेक्टरसाहेब येतात. तुमच्या काउंटीचा कारभार निवडून आलेले पाच सुपरवायझर बघतात, शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलिसप्रमुख, तोसुद्धा मतदानाने ठरतो. आकाराचंही काही सांगता येत नाही. २०२०च्या जनगणनेत लॉस एंजेलिस काउंटीत १ कोटी १४ हजार माणसं होती आणि टेक्ससमधल्या लव्हिंग काउंटीत ६४. ‘काउंटी सीट’ला मात्र आपल्याकडे तयार शब्द आहे. आपण तालुक्याचं ठिकाण, जिल्ह्याचं ठिकाण म्हणतो, तसं सॅन होजे हे काउंटीचं ठिकाण.

माणदेशी :
मोगराताई, मी निवृत्त शिक्षक. भारताच्या २००१ आणि २०११च्या जनगणनेत, दोन्ही वेळा प्रगणक म्हणून घरोघर फिरलो आहे, म्हणून हाउसहोल्डबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

आपल्या जनगणनेच्या मराठी कागदांत हाउसहोल्डला कुटुंबच म्हणतात, पण त्याची व्याख्या नात्यावर नाही, चुलीवर आहे. जी माणसं एरवी एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरात जेवतात, ते एक कुटुंब. एका वाड्यात तीन भाऊ, सामाईक अंगण, एकच पाण्याची टाकी, पण चुली तीन असतील तर कुटुंबं तीन. उलट नात्यागोत्याची नसलेली चार मजूर मंडळी एका खोलीत राहून एकत्र रांधत असतील तर ते एक कुटुंब. आम्हाला दारात उभं राहून पहिलं विचारायला लागायचं ते हेच, की जेवण एकत्र होतं का? एका घरी थोरला म्हणाला एकत्र, आणि आतून धाकटीचा आवाज आला की दिवाळीपासून वेगळं आहे. मी धाकटीचं लिहून घेतलं, कारण चूल कुणाची कुठे पेटते हे तिला ठाऊक. म्हातारी आई सहा महिने एकाकडे, सहा महिने दुसऱ्याकडे जेवायची. गणतीच्या वेळी ती ज्याच्याकडे होती त्याच्या कागदावर लिहिली.

अमेरिकेचा नियम वेगळा. तिथे चूल विचारत नाहीत, दार विचारतात. एका स्वतंत्र राहत्या घरात जितकी माणसं राहतात तेवढं मिळून एक हाउसहोल्ड, मग नातं असो वा नसो, जेवण एकत्र होवो वा न होवो. फॅमिली म्हणजे त्या दाराआडची, जन्माने, लग्नाने किंवा दत्तकविधानाने एकमेकांशी जोडलेली, किमान दोन माणसं. म्हणून फॅमिलीला कुटुंब हा शब्द चपखल बसतो आणि हाउसहोल्डसाठी तो मोकळा राहत नाही.

हाउसहोल्डसाठी आपल्या गावाकडचा शब्द सुचवतो : उंबरा. ‘साठ उंबऱ्यांचं गाव’ आपण म्हणतोच. त्यात घराआड एक म्हातारी आहे की बारा माणसं, हे कुणी विचारत नाही. दारं मोजायची. अमेरिकन पद्धत नेमकी हीच आहे.

मोगरा :
गुरुजी, किती नेमकं सांगितलंत! आमच्याच रस्त्यावर तीन मुलगे एक घर भाड्याने घेऊन राहतात. एक विजयवाड्याचा, एक इंदूरचा, एक तैवानचा. तिघांचे फ्रीजमधले कप्पेसुद्धा वेगळे. म्हणजे इथल्या हिशेबात एक उंबरा आणि कुटुंब शून्य. आपल्या जनगणनेत कदाचित तीन कुटुंबं. बरोबर ना?

आणखी दोन शंका. काउंटीत स्टॅनफर्ड विद्यापीठ आहे. वसतिगृहातली मुलं कुठल्या उंबऱ्यात धरायची? आणि पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा मोजतात का?

माणदेशी :
तिघं वेगळं रांधत असतील तर आपल्याकडे तीन, बरोबर. वसतिगृहाला आपण ‘संस्थात्मक कुटुंब’ म्हणतो आणि रस्त्यावर राहणाऱ्यांनाही ‘बेघर कुटुंब’ म्हणून नोंदतो. २०११ला २८ फेब्रुवारीच्या रात्री आम्ही बसस्टँडवर, पुलाखाली फिरून त्यांची गणती केली. पालाखाली राहणाऱ्या बाईचीही तीन दगडांची चूल असते, त्यामुळे आपल्या व्याख्येत तिला जागा आहे. तुमच्याकडचं कुणीतरी सांगा.

हडपसरकर :
मी शेजारच्या अलामेडा काउंटीत राहतो. इथे वसतिगृह, तुरुंग, वृद्धांची शुश्रूषागृहं यांतली माणसं लोकसंख्येत धरतात, पण हाउसहोल्डमध्ये नाही. त्यांच्यासाठी ‘ग्रुप क्वार्टर्स’ असा वेगळा गट आहे. ‘सामूहिक निवास’ म्हणता येईल. बेघर माणसंही एकूण लोकसंख्येत येतात, उंबऱ्यांत येत नाहीत. त्यामुळे उंबऱ्यांतली माणसं मोजून एकूण आकड्याशी ताळा जुळत नाही. मुलांना हे जरूर सांगा. सॅन होजेत घरभाडं न परवडल्यामुळे गाडीत किंवा तंबूत राहणारी माणसं पुष्कळ आहेत. ‘घरांचं उत्पन्न’ मोजणाऱ्या ओळीत ती येतच नाहीत.

आईबाबांचं थोडं गुंतागुंतीचं आहे. दर दहा वर्षांच्या जनगणनेत माणूस वर्षातला बहुतेक काळ जिथे राहतो तिथे मोजतात, म्हणून पाहुणे आलेले आईबाबा धरत नाहीत. व्हिसावर नोकरी करणारे आणि शिकणारे मात्र धरतात. नागरिकत्वाचा इथे संबंध नाही. पण दरवर्षी जे नमुना सर्वेक्षण होतं, त्यात त्या पत्त्यावर दोन महिन्यांहून जास्त मुक्काम असणाऱ्यांना धरायचा नियम आहे. तेव्हा सहा महिने राहणारे आईबाबा त्यात येऊ शकतात. तक्ता जनगणनेचा आहे की सर्वेक्षणाचा, ते मजकुरात लिहा.

गणिती :
उंबरा छान आहे, पण वाक्यात दर वेळी चालणार नाही. ‘उंबऱ्याचं उत्पन्न’ कानाला खटकतं. त्यासाठी मराठीत ‘घरटी’ आहे. घरटी वर्गणी, घरटी एक माणूस हे आपण रोज बोलतो. ‘घरटी सरासरी तीन माणसे’, ‘घरटी उत्पन्न’ असं लिहा. मोजायला उंबरे, वाटायला घरटी. माणसागणिक असेल तिथे ‘दरडोई’ आहेच. रिकाम्या घरांचा आकडा वेगळा दिलेला असतो, तिथे ‘बंद घरे’ पुरेसं आहे. कोकणातल्या वाचकाला तर समजावून सांगायलाही नको.

आता मीडियन. याला कृपा करून सरासरी लिहू नका. वर्तमानपत्रांत सर्रास लिहितात आणि मला त्याचा मनापासून त्रास होतो. शाळेच्या पुस्तकात मीडियनला ‘मध्यक’ म्हणतात. मुलांना असं दाखवा : समजा पाच घरं आहेत. वर्षाचं उत्पन्न ६० हजार, ९० हजार, दीड लाख, २ लाख आणि ५० लाख डॉलर. चढत्या क्रमाने लावली की मधलं घर दीड लाखाचं, हा मध्यक. सरासरी काढलीत तर ११ लाख येते, आणि या पाचांतल्या चार घरांनी तेवढे पैसे पाहिलेलेही नाहीत. सांता क्लाराचा घरटी मध्यक दीड लाख डॉलरच्या वर आहे, अमेरिकेत सर्वांत वरच्या काउंट्यांत. त्याला सरासरी म्हटलं तर वाचक समजेल की काही कोट्यधीशांमुळे आकडा फुगला आहे. तसं नाही, तिथलं मधलं घरच तेवढं कमावतं. दरडोई उत्पन्न मात्र सरासरीच असतं, त्याला मध्यक लिहू नका.

आणि स्त्री-पुरुष प्रमाणाकडे लक्ष ठेवा. आपण हजार पुरुषांमागे स्त्रिया मोजतो. २०११ला महाराष्ट्रात ९२९, रत्नागिरीत ११२२. अमेरिकन तक्ते शंभर स्त्रियांमागे पुरुष मोजतात. तिथे १०२ दिसलं तर आपला वाचक म्हणेल, वा, स्त्रिया जास्त! खरं तर आपल्या पद्धतीने ते सुमारे ९८० होतं. आकडा उलटवून द्या किंवा ‘शंभर स्त्रियांमागे’ हे शब्द गाळू नका.

हडपसरकर :
रेस म्हणजे वंश, यात वाद नाही. पण हा वंश जीवशास्त्रातला नाही, कागदावरच्या चौकटीतला आहे. माणूस स्वतः सांगेल तो वंश. त्या चौकटी किती बदलल्या बघा. १९२०, १९३० आणि १९४०च्या अमेरिकन जनगणनेत वंशाच्या रकान्यात ‘हिंदू’ असा एक वंश होता. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाच्या इंपीरियल काउंटीत तेव्हा पंजाबी शेतकरी होते, बहुतेक शीख, काही मुसलमान. त्यांतल्या अनेकांनी मेक्सिकन वंशाच्या बायकांशी लग्नं केली. कागदावर ते सगळे पुरुष हिंदू! १९२३ साली नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंड या शीख माणसाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना गोरे मानायला नकार दिला, आणि १९७०च्या जनगणनेत तेच भारतीय गोऱ्यांत मोजले गेले. १९८०पासून ‘एशियन इंडियन’ ही वेगळी चौकट आली. तुमच्या वर्गातल्या मुलांच्या आईवडिलांनी २०२०ला भरली ती हीच.

हिस्पॅनिक, म्हणजे मेक्सिकोसारख्या स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेले लोक, हा त्या तक्त्यात वंश नाही. तो प्रश्नच वेगळा विचारत, म्हणून हिस्पॅनिक माणूस गोरा, काळा, मूळनिवासी कुणीही असू शकतो. वंशाचे आकडे आणि हिस्पॅनिकांचा आकडा सरळ बेरजेला लावले की शंभराच्या पुढे जातं ते त्यामुळे. मार्च २०२४मध्ये हे नियम बदलले. यापुढे एकच एकत्र प्रश्न असेल आणि मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकेच्या लोकांना, म्हणजे इराणी, अरब वगैरेंना, वेगळी चौकट मिळेल. २०२०पर्यंत ते गोऱ्यांत धरत. एथ्निसिटीला या संदर्भात ‘वांशिकता’ नको, वंशाशी गोंधळ होतो. ‘हिस्पॅनिक मूळ’ असं सरळ लिहावं.

मोगरा :
फारच मोलाचं आहे हे. मुलांना ‘हिंदू’ रकान्याबद्दल नक्की सांगणार.

भाषेची एक ओळ उरली. ‘काउंटीतल्या निम्म्याहून अधिक लोकांची मातृभाषा इंग्रजी नाही’ असं लिहिलंय. चालेल? मराठी बोलणाऱ्यांचा आकडा द्यायची फार इच्छा होती. सॅन होजे आणि पुणे १९९२पासून भगिनी शहरं आहेत, उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची संघटना असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं २०२४चं अधिवेशनही सॅन होजेत झालं. पण सर्वेक्षणाच्या नेहमीच्या तक्त्यात मराठीचा स्वतंत्र रकाना नाही. ‘नेपाळी, मराठी किंवा इतर भारतीय-आर्य भाषा’ असं एकत्र गाठोडं आहे. गुजराती, हिंदी, बंगाली, तेलुगू, तमिळ यांना आपापले रकाने आहेत. वाईट वाटलं.

माणदेशी :
वाईट मलाही वाटलं, ताई. आपल्या २०११च्या गणतीत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते.

पण ‘मातृभाषा’ शब्द इथे नको. आपल्या व्याख्येत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती. आई लहानपणीच गेली असेल तर घरात तेव्हा जी बोलली जायची ती. ती माणसासोबत जन्मभर राहते. अमेरिकेत विचारतात की आज घरी इंग्रजीखेरीज कुठली भाषा बोलता. साताऱ्यात वाढलेली बाई तिथे नवऱ्याशी आणि मुलांशी इंग्रजीच बोलत असेल, तर त्या उत्तरात तिची मराठी येत नाही. म्हणून ‘घरी बोलली जाणारी भाषा’ असंच लिहा, लांब झालं तरी. आणि तुमच्या मुलांनाही कळू द्या, की या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या स्वतःच्या घरात रोज ठरतं. ती तुमच्याशी मराठीत बोलली तर त्या रकान्यात मराठी येईल.

मोगरा :
सगळ्यांचं ऐकून परिच्छेद पुन्हा लिहिला. पाहाल का?

‘२०२०च्या जनगणनेनुसार सांता क्लारा काउंटीची लोकसंख्या १९,३६,२५९ होती. त्यांतले १०,१३,२४० लोक काउंटीचे ठिकाण असलेल्या सॅन होजे शहरात राहत. काउंटीत सुमारे साडेसहा लाख उंबरे आहेत. एका दाराआड राहणारी सगळी माणसे मिळून एक उंबरा धरतात, मग ती नात्याची असोत वा नसोत. घरटी सरासरी सुमारे तीन माणसे राहतात. वसतिगृहे, तुरुंग आणि बेघर यांतली माणसे लोकसंख्येत आहेत, उंबऱ्यांत नाहीत. काउंटीत आशियाई लोक बहुसंख्य, सुमारे ३९ टक्के आहेत. हिस्पॅनिक नसलेले गोरे सुमारे २९ टक्के आणि हिस्पॅनिक सुमारे २५ टक्के. दर दहांतल्या जवळपास चार जणांचा जन्म परदेशात झाला आहे. निम्म्याहून अधिक लोक घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलतात. वार्षिक नमुना सर्वेक्षणानुसार घरटी उत्पन्नाचा मध्यक दीड लाख डॉलरच्या वर आहे.’

गणिती :
सुरेख झालं आहे. एकच दुरुस्ती : ३९ टक्क्यांना ‘बहुसंख्य’ म्हणू नका. बहुसंख्य म्हणजे निम्म्याहून जास्त, आणि तुमच्या काउंटीत निम्म्याहून जास्त कुणीच नाही. ‘आशियाई लोकांचा गट सर्वांत मोठा’ असं करा. शिवाय आशियाई म्हणजे कोण, तेही एका ओळीत यायला हवं : भारतीय, चिनी, व्हिएतनामी, फिलिपिनो. व्हिएतनामबाहेर एका शहरात सर्वांत जास्त व्हिएतनामी लोक सॅन होजेतच राहतात. वर्गातल्या मुलांचे शाळेतले निम्मे मित्र त्या ओळीत सापडतील.

मोगरा :
बदल केला, गणितीताई. व्हिएतनामी मंडळींचं वाक्य पुढच्या परिच्छेदाच्या सुरुवातीला घेतलं. शनिवारच्या वर्गात मुलांना आपापल्या घराची नोंद दोन्ही पद्धतींनी करायला लावणार आहे, आधी दाराने आणि मग चुलीने.