घोटा सारखा मुरगळतो: टेप की ब्रेस?

खोखोप्रेमी: मॅटवर वळताना उजवं पाऊल सारखं आत मुरगळतं. इलॅस्टिकचा स्लीव्ह घालूनही फरक नाही. काय वापरावं?

सरावपटू: स्लीव्ह फक्त दाब देतो, घोटा वळायचा थांबवत नाही. लेस आणि आठच्या आकड्यात फिरणारे पट्टे असलेला ब्रेस घ्या. मोज्यावरून घाला, टाच पूर्ण मागे टेकवा, मगच लेस ओढा. बूट घट्ट झाला तर सुकतळा काढा.

फिजिओताई: टेपच हवी तर 38 मिमीची, न ताणणारी. पाऊल नडगीशी काटकोनात धरून पट्टी आतल्या बाजूने तळव्याखालून बाहेर वर ओढायची. उलट ओढली तर पाऊल आतच वळतं, आणि ही चूक फार दिसते! शिवाय घामाने अर्ध्या तासात ती ढिली पडते. रोजच्या सरावाला ब्रेसच परवडतो.

मैदानकर: व्यायामाशिवाय दोन्ही अपुरे. एका पायावर 30 सेकंद, तीनदा. जमलं की डोळे मिटून. रबरबँडविरुद्ध पाऊल बाहेर ढकलणं, 15 चे 3 सेट.

फिजिओताई: नव्याने मुरगळून चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाची मागची कड दाबल्यावर दुखत असेल, तर आधी एक्स-रे.