मदत हवी आहे: आजी-आजोबांना बोलतं कसं करायचं?

आजी-आजोबांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवायच्यात, पुढे पोरांना नुसते फोटो बघून काय कळणार. पण आजोबा एरवी बोलायला लागले की तासभर थांबत नाहीत आणि फोन समोर ठेवला की घसा खाकरून "त्यात काय सांगायचंय" म्हणत गप्प, मग त्यांच्याकडे बघून आजी पण गप्प (खरं तर तीच जास्त भारी सांगते). साधारण १० ते ३० वयातल्या आठवणी म्हातारपणी जास्त ठळक राहतात म्हणे, म्हणून शाळा, पहिला पगार, लग्न इथूनच सुरुवात करणारे. जुना अल्बम हातात द्यावा का? दोघांना वेगवेगळं बसवू का? आणि रेकॉर्डिंग फोनशिवाय अजून कुठे सेव्ह करता? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा, तुमच्याकडे कुठल्या प्रश्नाला ते खुलले ते पण.